"हे तुम्ही स्वतःच लिहिलंय ना?" : विद्यापीठातला न दिसणारा वर्णभेद

काजळरेघ

बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते. दर वेळी दोन ओळी लिहून खोडायचे, कारण लिहिल्यावर प्रसंग फारच क्षुल्लक दिसायचा. आज पूर्ण लिहिते.

पदव्युत्तर शिक्षणाचं पहिलं वर्ष, परदेशातलं विद्यापीठ. दुसऱ्या सत्रातला निबंध मी तीन आठवडे खपून लिहिला होता. प्राध्यापकांनी त्यांच्या खोलीत बोलावलं. निबंध टेबलावर उघडा होता, एका परिच्छेदाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली. त्यांनी हसतमुखाने, हळू आवाजात विचारलं, "हे तुम्ही स्वतःच लिहिलंय ना? भाषा फार सफाईदार आहे, म्हणून विचारलं." मी हो म्हटलं. "छान, छान" म्हणून त्यांनी निबंध परत दिला. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. कुणी आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. गुणही चांगलेच मिळाले होते.

पुढचे दोन दिवस मी वर्गातल्या मुलांना आडून आडून विचारत होते, तुलाही बोलावलं होतं का? ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणालाच नव्हतं. पण सगळ्यांना विचारणं शक्य नव्हतं. मग रात्री अंथरुणात पडून हिशेब सुरू. माझ्या रंगामुळे विचारलं असेल का? की नावामुळे? की खरंच भाषा आधीच्या निबंधापेक्षा वेगळी वाटली असेल? गोऱ्या मुलाने हाच परिच्छेद लिहिला असता तर पेन्सिलीची रेघ पडली असती का? याचं उत्तर मिळण्याची सोयच नव्हती.

आणि पुढच्या निबंधाच्या वेळी मी जे केलं ते आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही. निबंध लिहून झाला, मी तो पहिल्यापासून वाचला आणि त्यातली चांगली वाक्यं काढून टाकली. जिथे नेमका शब्द होता तिथे ढोबळ शब्द घातला. दोन ठिकाणी वाक्यरचना मुद्दाम ओबडधोबड केली. पुन्हा कुणाला संशय यायला नको म्हणून. गुण कमी पडले आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही भीती वाटते.

याला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. हार्वर्डमधले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्ये 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हा शब्द वापरला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना रोजच्या व्यवहारात जे लहान लहान टोचे सोसावे लागतात, त्यांच्यासाठी. २००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे डेराल्ड विंग सू आणि सहकाऱ्यांनी त्याची नीट मांडणी केली. "तुमचं इंग्रजी किती छान आहे!", "पण तुम्ही मूळचे कुठले?" ही वाक्यं त्यांच्या उदाहरणांत आहेत. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की आपण इथले धरले जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की यात सगळ्यात जास्त खातो तो संशय. त्या वाक्यापेक्षाही "ते त्यामुळेच होतं का?" हा प्रश्न जास्त खातो. उघड शिवी दिली तर माणूस चिडतो, रडतो, तक्रार करतो आणि केव्हातरी त्यातून बाहेर पडतो. इथे चिडायचं की नाही हेच ठरत नाही. आणि ते ठरवण्यात जो वेळ जातो तो अभ्यासाचाच असतो.

तुमचे अनुभव लिहा. विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे, पालकांचेही. माझं चुकत असेल तर तेही लिहा.

सावली

काय बोलू कळत नाही. चांगली वाक्यं काढून टाकली, हे वाचून पोटात तुटलं.

हजेरीचं सांगते. माझ्या नावाआधी हजेरीत एक थांबा यायचा. बाई यादीवरून भराभर नावं वाचत यायच्या आणि मध्येच अडखळायच्या. काही दिवसांनी मी तो थांबा ऐकूनच हात वर करायला लागले. सोयीचं पडलं, त्यांनाही आणि मलाही. वर्ष संपलं तेव्हा लक्षात आलं की त्या वर्गात माझं नाव एकदाही उच्चारलं गेलं नाही.

पायवाट

धाग्यातली कळकळ पोचली. तरीही मनात आलेलं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. परकी नावं उच्चारायला अवघड जातात, कोणालाही. वाङ्मयचौर्य पकडणं हे प्राध्यापकांचं कामच आहे. प्रत्येक अडखळण्यात, प्रत्येक प्रश्नात वर्णभेद बघायला लागलं तर मुलं आणखी हळवी होणार नाहीत का? आमच्या पिढीने याहून वाईट ऐकलं आणि कामाला लागलो. दुर्लक्ष करायला शिकवणं हा मुलांच्या दृष्टीने जास्त भला मार्ग वाटतो.

काजळरेघ

राग कशाला मानू, पायवाट? हाच प्रश्न मी स्वतःला कितीतरी वर्षं विचारत होते.

दुर्लक्ष करायला शिकवा म्हणता, पण दुर्लक्ष फुकट होत नाही. २००७ मध्येच जेसिका साल्वातोरे आणि निकोल शेल्टन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहभागी माणसांना नोकरीच्या अर्जांवर कुणीतरी घेतलेले निर्णय वाचायला दिले. काही निर्णय सरळ न्याय्य होते, काहींत वर्णद्वेष उघड लिहिलेला होता आणि काही असे, की योग्य उमेदवार डावललाय हे दिसतं पण कारण कळत नाही. त्यानंतर त्यांना रंगांची ती प्रसिद्ध चाचणी दिली. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो आणि आपण शाईचा रंग सांगायचा. मन ताजं असेल तर जमतं, थकलेलं असेल तर अडखळायला होतं. कृष्णवर्णीय सहभागी सर्वांत जास्त अडखळले ते संदिग्ध प्रकरणं वाचल्यावर, उघड द्वेषाची वाचल्यावर नव्हे. गोऱ्या सहभागींचं उलट झालं, ते उघड द्वेषाने जास्त अडखळले.

म्हणजे ज्याला आयुष्यभर हा हिशेब करावा लागलाय त्याला उघड द्वेष ओळखायला कष्ट पडत नाहीत. त्याला थकवते ती अर्धवट झाकलेली गोष्ट. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. आपण कमकुवत नव्हतो, आपलं डोकं एकाच वेळी दोन कामं करत होतं, हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

आणि तुमच्या पिढीने दुर्लक्ष केलं असं म्हणता, त्याची किंमत कुणी मोजली होती का? मनापासून विचारतेय.

विदाप्रेमी

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा आकड्यांच्या बाजूने.

या विषयावरचं सगळंच संशोधन सारखं पक्कं नाही, हे आधी मान्य करू. एमरी विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ स्कॉट लिलियनफेल्ड यांनी २०१७ मध्ये सविस्तर टीका केली होती. संकल्पनेची व्याख्या सैल आहे, बरंचसं मापन ऐकणाऱ्याच्या सांगण्यावर उभं आहे, पुरावा भक्कम होईपर्यंत हा शब्द आणि त्यावरची प्रशिक्षणं थांबवावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. छुपा भेदभाव असतो हे मात्र त्यांनी नाकारलं नव्हतं. ही टीका उद्धृत करणारे लोक नेमकं तेवढं गाळतात.

दुसरं उदाहरण क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन यांच्या १९९५ च्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगांचं. अवघड भाषिक प्रश्नपत्रिका, सगळ्यांना तीच. "ही तुमच्या बौद्धिक क्षमतेची चाचणी आहे" असं सांगितलं की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खाली यायची, तसं न सांगितल्यास बरीच सुधारायची. आपल्या गटाबद्दलचा वाईट समज आपण खरा तर ठरवणार नाही ना, या दडपणाचा हा परिणाम, असं त्यांचं स्पष्टीकरण. पुढे याच कल्पनेवर बेतलेल्या अनेक मोठ्या प्रयोगांत परिणाम बराच लहान निघाला, काहींत दिसलाच नाही. त्यामुळे याच्या जोरावर मोठे दावे मी करणार नाही.

पण एका अभ्यासापुढे मला काही बोलता येत नाही. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २५९ विद्यापीठांमधल्या साडेसहा हजारांहून जास्त प्राध्यापकांना ई-मेल पाठवले. मजकूर एकच: मला संशोधनात रस आहे, भेटायला (काहींत आजच, काहींत पुढच्या आठवड्यात) वेळ द्याल का? बाकी फक्त खालचं नाव बदलायचं. गोऱ्या पुरुषाचं, स्त्रीचं, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी, भारतीय. पुढच्या आठवड्याची वेळ मागणाऱ्यांमध्ये गोऱ्या पुरुषाच्या नावाला उत्तर मिळण्याचं प्रमाण बाकी सगळ्यांहून जास्त होतं. इथे कुणाच्या भावना विचारलेल्या नाहीत, कुणी हळवं नाही. उत्तर आलं की नाही, एवढंच मोजलंय.

पायवाट यांना माझा प्रश्न: ज्याला उत्तर आलं नाही त्याने नेमकं कशाकडे दुर्लक्ष करायचं? त्याला तर काही झालंय हेच कळलेलं नाही. सर कामात असतील, असं म्हणून तो गप्प बसतो.

मुक्काम

विदाप्रेमी, तुमच्या प्रतिसादाला +१. भारतीय नावंही त्यात होती हे माहीत नव्हतं.

खडू_फळा

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची, म्हणजे शिक्षिका. माझ्या वर्गात एकाच देशाच्या दोन मुली होत्या. मी सबंध सत्र त्यांच्या नावांची अदलाबदल करत राहिले. दोघी दर वेळी हसायच्या, त्यामुळे मला वाटायचं की त्यांचं काही बिघडत नाही. सत्राच्या शेवटी उत्तरपत्रिकाही उलट्या दिल्या. एकीने शांतपणे पेपर दुसरीकडे सरकवला, माझ्याकडे न बघता. तिच्या त्या सरकवण्यात इतकी सवय होती की मी त्या रात्री झोपू शकले नाही. चेहरे सारखे नव्हते. मी नीट बघितलंच नव्हतं.

त्यानंतर शोधून वाचायला लागले. १९९९ चा एक अभ्यास माझ्या कामाला खूप आला. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांचा. विद्यार्थ्यांकडून आपल्या आवडत्या शिक्षकाबद्दल मजकूर लिहून घेतला आणि त्याला त्यांचा फोटो जोडला, म्हणजे तपासणाऱ्याला आपला वर्ण दिसतोय हे त्यांना ठाऊक. मग लाल शाईने भरलेली टीका परत. नुसती टीका मिळालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तपासणारा पक्षपाती वाटला आणि लेख सुधारायची इच्छा मेली. टीकेआधी नुसतं कौतुक पेरूनही फारसं भागलं नाही. पण ज्यांना सोबत दोन गोष्टी सांगितल्या, की आमची अपेक्षा उंच आहे आणि तुमचं लिखाण वाचून तुम्ही तिथे पोचाल असं मला वाटतं, ते जिद्दीने कामाला लागले.

काजळरेघ, तुमच्या प्राध्यापकांना शंका असेलच तर ती विचारण्याचीही पद्धत असते. "हा परिच्छेद मला आवडला, इथवर कशा पोचलात ते सांगा." लिहिणारी व्यक्ती दहा मिनिटं बोलते, न लिहिणारी अडकते. शंका फिटते आणि कुणी चोर ठरत नाही. मी आता हेच करते, आणि सगळ्यांना विचारते, काही निवडक चेहऱ्यांना नाही.

काजळरेघ

खडू_फळा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मला त्या खोलीत कुणी "इथवर कशा पोचलात" विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते.

कौतुकाचं तुम्ही म्हणालात म्हणून आठवलं. जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा प्रयोग आहे. मूल्यमापन करणारी व्यक्ती आपल्याला बघू शकते असं वाटलं की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना चांगला अभिप्राय मिळूनही त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास वाढत नव्हता, उलट घसरत होता. कारण मग प्रश्न येतो की हे मला माझ्या कामासाठी मिळालं की दयेपोटी? बघा, टीका झाली तर तिच्यावर विश्वास नाही आणि कौतुक झालं तर त्यावरही नाही. विद्यार्थ्याला आपण कुठे आहोत हे कळायचा रस्ताच बंद होतो. शिकणाऱ्याचं याहून मोठं नुकसान मला सुचत नाही.

उंबरठा

मी पालक. माझा मुलगा पहिल्या वर्षी दर रविवारी फोन करायचा. एकदा म्हणाला, "बाबा, गटात काम वाटताना मला कायम आकडेमोड देतात, सादरीकरण ते करतात." मी म्हटलं, अरे मग चांगलंच आहे, तुझं गणित पक्कं आहे हे त्यांना कळलंय. तो म्हणाला, "त्यांनी मला विचारलं नाही बाबा. बघूनच ठरवलं." मी म्हटलं, अभ्यासात लक्ष घाल.

त्यानंतर तो असं काही सांगेनासा झाला. फोन येत राहिले. जेवलास का, थंडी आहे का, एवढंच. मला वाटलं, रुळला. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याच्या मित्राकडून कळलं की तो तीन आठवडे वर्गात गेलेला नाही, दिवसा झोपतो, रात्री जागतो. समुपदेशकाकडे जायला लागल्यावर हळूहळू सावरला. आता बरा आहे.

हा धागा आधी वाचायला मिळाला असता तर मी त्या रविवारी "बघूनच कसं ठरवलं रे?" एवढं तरी विचारलं असतं.

पायवाट

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा मुलगा पुढच्या वर्षी जातोय. मी वर जे लिहिलं तेच त्याला सांगणार होतो.

काजळरेघ, किंमत मोजली का, हा तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. नाही मोजली. माझ्याबरोबरचा एकजण पीएचडी अर्धी टाकून परतला होता. आम्ही सगळे म्हणायचो, त्याला झेपलं नाही.

दिवेलागण

जरा अवघड आहे, पण लिहायलाच हवं. आमच्या घरात आम्ही तीन मराठी मुलं आणि एक आफ्रिकी वर्गमित्र राहायचो. तो समोर बसलेला असताना आम्ही त्याच्या रंगावरून, केसांवरून मराठीत बोलायचो. त्याला भाषा कळत नाही म्हणून. एकदा तो मान वर न करता म्हणाला, "शब्द कळत नाहीत, पण तुम्ही कधी माझ्याबद्दल बोलता ते कळतं. तुमचा आवाज बदलतो." पुढच्या महिन्यात त्याने खोली सोडली.

विद्यापीठात माझ्यावर झालेला अन्याय मी दहा जणांना सांगितला असेल. हे आज पहिल्यांदा लिहितोय. त्याची मी कधी माफी मागितली नाही.

पहिलं_सत्र

इथे फक्त वाचायचो, आज खाते उघडलं. मी सध्या यातच आहे. संशोधन गटाच्या बैठकीत मी प्रश्न विचारतो आणि सर उत्तर देताना माझ्या शेजारच्याकडे बघून देतात. जणू त्यानेच विचारला होता. दर वेळी नाही, पण बऱ्याच वेळा. हे कुणाला सांगू? "सर माझ्याकडे बघत नाहीत" ही तक्रार होते का? शिवाय शिफारसपत्र त्यांच्याच हातात आहे. हल्ली मी प्रश्न विचारणं कमी केलंय. झोप नीट लागत नाही. काय करावं सुचवाल का?

सावली

सर्वात आधी, तू प्रश्न विचारणं बंद करू नकोस. मी हात वर करण्याची सोय शोधली आणि नाव घालवून बसले.

खडू_फळा

पहिलं_सत्र, शिक्षिका म्हणून सांगते. आजपासून एक वही ठेवा. तारीख, कोण हजर होतं, नेमके शब्द किंवा नेमकी कृती, त्यानंतर काय झालं. त्यात स्वतःचा निष्कर्ष लिहू नका. याचा पहिला उपयोग तक्रारीसाठी नसतोच, डोक्यातला हिशेब कागदावर उतरतो आणि रात्री तो पुन्हा करावा लागत नाही. आठ-दहा नोंदींनंतर तुम्हालाच दिसेल की हे खरंच वारंवार होतंय की नाही.

दुसरं, एकाच माणसावर अवलंबून राहू नका. तुमच्या संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीतल्या दुसऱ्या कुणाला तुमचं काम नियमित दाखवायला लागा, म्हणजे शिफारसपत्राची किल्ली एकाच खिशात राहणार नाही. आणि झोपेचं अंगावर काढू नका. समुपदेशकाकडे जायला कारण मोठंच असायला हवं असं नाही.

विदाप्रेमी

औपचारिक वाटही माहीत असू द्या, वापरायची की नाही ते नंतर ठरवा. अमेरिकेत असाल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण संघराज्याचा निधी घेणाऱ्या विद्यापीठांना लागू होतं. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार साधारणपणे घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे. तिथल्या समानता आयोगाच्या २०१९ च्या अहवालात अल्पसंख्याक वंशांच्या २४ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून वांशिक छळ अनुभवल्याचं सांगितलं होतं, म्हणजे जवळपास चारातला एक. नुसतं न बघण्यावर कायदेशीर तक्रार टिकणं कठीण, हे खरं. पण पुढे काही वाढलं तर वही कामाला येईल.

काजळरेघ

पहिलं_सत्र, तुम्ही विचारलंत, ही तक्रार होते का? मला वाटतं, जी गोष्ट तुमचे प्रश्न कमी करतेय ती मोठीच आहे. माझी वाक्यं गेली, तुमचे प्रश्न चाललेत.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११ चा एक अभ्यास आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साधारण तासभर बसवून वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आपण इथले नाही असं जवळपास सगळ्यांनाच वाटतं, हळूहळू ते कमी होतं. मग त्यांना त्यावर स्वतःचं लिहायला सांगितलं. पुढच्या तीन वर्षांत त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले, गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. विदाप्रेमी म्हणतील की विद्यार्थी शंभराहूनही कमी होते आणि विद्यापीठ एकच, ते बरोबरच आहे. विद्यापीठाची जबाबदारीही त्याने संपत नाही. पण वरच्या वर्षातल्या कुणाशी तरी बोला. तुमच्या गटातून आधी बाहेर पडलेलं कुणी असेल तर त्यांना गाठा. त्यांच्याही प्रश्नाचं उत्तर शेजारच्याला मिळत होतं का, ते विचारा.

पहिलं_सत्र

दोन आठवड्यांनी लिहितोय. वहीत पाच नोंदी झाल्यात. एका बैठकीत सर पुन्हा शेजारच्याकडे वळले, तेव्हा मी म्हटलं, "सर, प्रश्न माझा होता, त्याचा दुसरा भाग राहिला." आवाज थरथरला, पण म्हटलं. ते क्षणभर थांबले आणि दुसऱ्या भागाचं उत्तर माझ्याकडे बघून दिलं. नंतरच्या बैठकीत पुन्हा आधीसारखंच.

आमच्या गटातून पूर्वी बाहेर पडलेल्या एका मुलीला ई-मेल केला. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: "तुझ्याही बाबतीत?" गुरुवारी बोलणार आहोत.

काजळरेघ, तुमचे ते दोन निबंध अजून आहेत का?

काजळरेघ

दोन्ही आहेत. पेन्सिलीची रेघही आहे. दुसऱ्यातून काढलेली वाक्यं मात्र नाहीत, तीच फाइल मी पुन्हा पुन्हा जतन करत गेले होते. परवा खूप आठवून बघितली, एक अर्धंमुर्धं आठवलं.

गुरुवारी बोलणं झालं की इथे लिहा. वाट बघते.